वाचकांचे प्रश्न : उजनीच्या काठी तंबूत राहायचंय, पण कधी, कुठे आणि कसं?

ह्या वेळी फिरायला जाण्याबद्दलचे प्रश्न एकदमच आले आणि बहुतेक सगळे फिरून फिरून भीमेवरच्या उजनी धरणालाच येऊन थांबलेत, म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकलाय. पहिल्या ताईंचं उत्तर लांबलंय, पण त्यांनी जे विचारलंय ते बहुतेक घरांत अडतं म्हणून सविस्तर लिहिलंय.

प्रश्न : नमस्कार, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. घरात मी, मिस्टर, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची आणि सासूबाई. त्यांचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात पण हौस आमच्यापेक्षा जास्त. मुलांनी मोबाईलवर तंबूचे व्हिडिओ बघून नुसतं डोकं खाल्लंय. मे महिन्याच्या सुट्टीत उजनीच्या बॅकवॉटरला दोन रात्री राहायचं चाललंय. मिस्टर म्हणतात गाडी काढायची आणि जायचं, त्यात ठरवायचं काय. मला टॉयलेटपासून सापापर्यंत सगळ्याचीच काळजी लागलीय. जावं का? गेलं तर कसं?
(एक ताई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, जावा. नक्की जावा, आणि सासूबाईंना घेऊनच जावा. फक्त मे महिन्यात नको, आणि पहिल्याच वेळी दोन रात्री नको.

मे का नको ते आधी सांगतो. ऊन तर आहेच, चाळीसच्या वर पारा गेल्यावर तंबूच्या आत सकाळी नऊलाच बसवत नाही आणि धरणाच्या काठी झाड शोधून सापडत नाही. पण खरी भीती ऊनाची नाही, संध्याकाळच्या वाऱ्याची आहे. वळवाचा पाऊस यायच्या आधी जे वादळ सुटतं ते आपल्या गल्लीत पत्रे उडवतं, आणि उजनीच्या उघड्या पाण्यावर तर त्याला अडवायला काहीच नसतं, बघता बघता लाटा उठतात. मे २०२४ मधे करमाळ्याकडचं कुगाव आणि इंदापूरकडचं कळाशी ह्यांच्यामधे प्रवासी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जीव गेले. ती माणसं काही मजा करायला निघालेली नव्हती, रोजच्यासारखी एका काठावरून दुसऱ्या काठावर चालली होती. म्हणजे ज्यांचं आयुष्य त्या पाण्याच्या कडेला गेलंय त्यांनासुद्धा ते वारं चुकवता आलं नाही, तर आपण सहा वर्षांची पोर घेऊन त्या दिवसांत तिथं कशाला जायचं.

दुसरं म्हणजे मे मधे पाणी असतं कुठं? पेपरात आपण दरवर्षी वाचतो की धरण मायनसमधे गेलं. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, आणि वरचा वापरायचा साठा संपला की मायनस सुरू होतं. अशा वेळी डिसेंबरात जिथं पाणी पायाशी असतं तिथून मे मधे पाणी पार लांब सरकलेलं असतं, मधे नुसता गाळ. वरून तो वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या असतात, पोरांना वाटतं की पळावं त्याच्यावरून, पण पाण्याच्या जवळ गेलं की वरची खपली फुटते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. मोठा माणूस निघतो कसातरी बाहेर, लहान पोर घाबरून अजून रुतत जातं.

तर मग कधी? दिवाळी झाल्यावर थंडी पडली की तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, असतो, नंदीध्वजाच्या मिरवणुका सोडून कुठलं सोलापूरचं घर बाहेर जाणार, त्यामुळे एकतर नाताळच्या सुट्टीत जावा नाहीतर गड्डा उरकल्यावर जानेवारीच्या शेवटी. आणि कॅलेंडरवर तिथी बघून घ्या. पहिल्यांदा जाताय, सोबत वयस्कर माणूस आहे, तर शुक्ल पक्षातली अष्टमी ते पौर्णिमा ह्यातला शनिवार धरा, पौर्णिमेच्या जितकं जवळ जाल तितकं रात्री उशिरापर्यंत चांदणं असतं. चांदण्या बघायच्या असतील तर अमावास्येची रात्र भारी, पण ती पुढच्या वेळी.

मुलांना मे मधेच पाहिजे असेल तर मे मधे गच्चीवर तंबू लावा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय सोलापूरला नवीन नाही. तंबू कसा उभा होतो, चेन कुठली उघडायची, टॉर्च कुठं ठेवायचा, धाकटी रात्री रडते का, सासूबाईंना खालून उठायला जमतं का हे सगळं तिथं कळतं, आणि नाही जमलं तर जिना उतरून घरात यायचं. माझं तर म्हणणं आहे की गच्चीवर एक रात्र झाल्याशिवाय कुणी लहान मुलांना घेऊन धरणावर जाऊच नये.

आता जागा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून नीट वाचा. मिस्टरांना जी जागा आवडेल, म्हणजे अगदी पाण्याला लागून, तंबूचं दार उघडलं की समोर पाणी, तिथं तंबू लावायचा नाही. एक म्हणजे सगळा दव तिथंच पडतो, सकाळी तंबू आतून बाहेरून ओला. दुसरं, डास. तिसरं, रात्री झोपेत चालत कुणी बाहेर गेलं तर. पाण्यापासून निदान शंभर दीडशे पावलं लांब, थोडं चढावर, आणि जिथून वस्तीचा दिवा दिसतो अशी जागा बघा. शांतता पाहिजे म्हणून माणसांपासून लांब जाण्यात फॅमिलीला काही अर्थ नाही, मदत हाकेच्या अंतरावर असली पाहिजे. आणि धरणाच्या भिंतीच्या खालच्या बाजूला, भीमेच्या पात्रात किंवा कालव्याच्या कडेला तर अजिबात नको, वरून पाणी कधी सोडतील ते आपल्याला कळत नाही.

आणि जमीन कुणाची ते विचारा. पाणी मागं सरकलं की जी जमीन उघडी पडते तिथं शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे तुम्हाला मोकळं रान वाटेल ते कुणाचं तरी पेरलेलं असतं. धरणाच्या भिंतीजवळ तर मुक्काम करायचाच नाही. सगळ्यात सोपं म्हणजे काठाच्या गावात कृषी पर्यटनवाल्यांकडे किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर विचारून, त्यांच्या रानात कडेला तंबू लावायचा. पैसे द्या, जेवण सांगा, त्यांना पण चार पैसे मिळतात आणि तुमचा टॉयलेटचा प्रश्न तिथंच सुटतो.

टॉयलेटचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण सगळ्या सहली बायकांसाठी इथंच अवघड होतात आणि कुणी तोंडाने बोलत नाही. बायका मग पाणीच कमी पितात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. वस्तीवर संडास आहे का, रात्री त्याला कुलूप असतं का, भारतीय पद्धतीचा आहे का कमोड, हे फोनवर आधी विचारा, लाजू नका. सासूबाईंसाठी घडीची कमोड खुर्ची मिळते मेडिकल साहित्याच्या दुकानात, काही ठिकाणी भाड्याने पण देतात, ती डिकीत बसते. आणि अगदीच उघड्यावर वेळ आली तर पाण्यापासून लांब वीतभर खड्डा करून नंतर मातीने बुजवायचा, पॅड आणि डायपर मात्र पिशवीत बांधून परत घरी.

थंडीचं लोक चुकीचं धरतात. सोलापुरात कसली थंडी म्हणतात, पण आपण घरात असतो, भिंती दिवसभर तापलेल्या असतात. उघड्या रानात पाण्याजवळ पहाटे हाडात जाते. आणि ती वरून कमी, जमिनीतून जास्त येते, म्हणून अंगावर तीन चादरी आणि खाली नुसती प्लास्टिकची चटई असं करू नका. खाली आधी ताडपत्री, मग जाड सतरंजी किंवा फोमची मॅट, त्यावर वाकळ, मग माणूस, मग आपली सोलापुरी चादर, आणि घरात घोंगडी असेल तर ती. कानटोपी पोरांपेक्षा सासूबाईंना जास्त लागते. त्यांना तंबूतच झोपवायचा हट्ट पण नको, वस्तीवर खोली असेल तर एक खाट तिथं सांगून ठेवा, संध्याकाळभर त्या तुमच्यात बसतील, रात्री पाठ टेकायला खाट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तंबूतून रांगत बाहेर यायला लावणं हे काही बरोबर नाही.

निघायचं कधी? सकाळी आरामात. टेंभुर्णीपर्यंत पुणे हायवे, पुढे कुठल्या काठावर जाणार त्यावर आहे, पण दोन अडीच तास धरा आणि दुपारी तीनच्या आत जागेवर पोचा. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि मग एकदम अंधार होतो. तंबू, चूल, अंथरूण हे सगळं उजेडात झालं पाहिजे. उजेडातच मुलांना सोबत घेऊन एक फेरी मारा, कुठपर्यंत जायचं ते दाखवा, तिथं दगडाची किंवा दोरीची खूण करा, आणि सांगा की ह्याच्या पलीकडे मोठ्या माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही. पाण्यात खेळायला सोडायचंच नाही, अगदी घोट्याएवढ्या पाण्यात पण नाही. ह्या पाण्याखाली गावं गेलीत, शेतं गेलीत, जुन्या विहिरी गेल्यात, भीमेचं जुनं पात्र आहे, त्यामुळे दोन पावलं उथळ आणि तिसऱ्याला तळ नाही असं होऊ शकतं. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं हे तुम्ही ऐकलं असेलच, त्यावरूनच कळतं खाली काय काय आहे. काठावर लोक दारूच्या बाटल्या पण फोडून टाकतात, ज्याचा मला फार राग येतो, तर पायात बूट पाहिजेतच.

प्यायचं पाणी घरून न्या, माणशी चार पाच लिटर धरून. धरणाचं पाणी उकळून वगैरे वापरायचा विचार करू नका, वरून शहरांचं सांडपाणी येतं त्यात आणि उकळून सगळंच जात नाही. वीसचे दोन जार घेतले की तुमचं भागतं. मोबाईलला रेंज कुठं येते, सगळ्यात जवळचा दवाखाना टेंभुर्णीला का इंदापूरला का करमाळ्याला, हे पोचल्यावर लगेच वस्तीवरच्या माणसाला विचारून ठेवा. १०८ आणि ११२ हे दोन नंबर मुलाच्या पण पाठ असूद्या, अकरा वर्षांचा आहे, त्याला ही जबाबदारी आवडेल. आणि गाडी गाळावर उतरवू नका, कच्च्या पण घट्ट रस्त्यावरच, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा.

प्रश्न : मी एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आहे. बायको आणि दोन मुलं. तंबू विकत घ्यावा की भाड्याने? ऑनलाइन दोन हजारापासून पंधरा हजारापर्यंत दिसतात, चार माणसांचा सगळ्यांवर लिहिलंय, मग फरक कशाचा? बजेट जास्त नाही.
(एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : दादा, पहिल्या वेळेला भाड्यानेच घ्या किंवा ट्रेकिंग करणारं कुणी ओळखीचं असेल त्यांच्याकडून मागून आणा. एक रात्र काढल्यावरच कळतं की घरच्यांना हे परत करायचंय का नाही.

विकत घेणार असाल तर चार माणसांचा म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून सामानाशिवाय, असा त्याचा अर्थ असतो. दोन मोठे दोन लहान बसतील, पण बॅगा बाहेर. स्वस्त आणि महागात फरक तीन ठिकाणी बघायचा. वरून वेगळं कव्हर आहे का, म्हणजे दुहेरी कापड. एकेरी कापडाच्या तंबूत चार जणांच्या श्वासाची वाफ आतल्या बाजूला धरते आणि पहाटे टपटप अंगावर पडते, लोकांना वाटतं तंबू गळतो. दुसरं, जमिनीचं कापड जाड आहे का आणि बाजूने चार बोटं वर आलेलं आहे का. तिसरं, चेन. चेन अडकणारी असेल तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही, कारण डास, विंचू, साप सगळं त्या एका चेनवर आहे. दुकानात उभं राहून दहा वेळा उघडझाप करून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

सोबत येणाऱ्या खुंट्या मात्र जवळपास सगळ्याच तंबूंच्या कुचकामी असतात, ॲल्युमिनियमच्या, बोटाने वाकतात. आपल्याकडची जमीन दोनच प्रकारची. काळी जमीन असेल तर हिवाळ्यात ती भेगाळलेली असते, भेगेच्या जवळ ठोकलेली खुंटी हाताने निघते, म्हणून दोन भेगांच्या मधे जिथं ढेकूळ घट्ट आहे तिथं ठोकायची आणि तिरकी, डोकं तंबूच्या उलट दिशेला कललेलं. मुरूम असेल तर खुंटी आतच जात नाही, वाकते. ह्याच्यावर उपाय स्वस्तातला आहे, फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन सळईचे हातभर तुकडे कापून एक टोक वाकवून घ्या, आठ दहा केले की झालं, वर्षानुवर्षं पुरतात. फक्त पोरं ठेचकाळतात म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी चिंधी बांधा. आणि ताणाच्या दोऱ्या बांधायचा कंटाळा करू नका, संध्याकाळी वारा नाही म्हणून लोक सोडून देतात आणि रात्री दोनला बाहेर येऊन अंधारात बांधत बसतात. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी, कोळशाची पाटी, गॅसचा छोटा सिलेंडर, काहीही पेटवायचं नाही आणि विझत आलेले निखारे पण आत घ्यायचे नाहीत. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक पण तंबूपासून पाच सात पावलं लांब, हे कापड पेटलं तर विझवायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : काठावर साप फार असतात म्हणे. खरं का? घरचे त्याच एका गोष्टीवर नाही म्हणायलेत. बोटीत बसायचं का नाही ते पण सांगा.
(एक विद्यार्थी, मोहोळ)

उत्तर : असतात, आणि तुमच्या मोहोळच्या रानात पण असतात. घोणस, नाग, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या महाराष्ट्रात आहेत. थंडीत त्यांचा वावर कमी असतो, म्हणून पण हिवाळा बरा, पण कमी म्हणजे नाहीच असं नाही. ह्यातल्या मण्यारीचं नीट समजून घ्या. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावलेलं बऱ्याचदा कळतच नाही, खूण पण नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. म्हणून उघड्यावर सतरंजी टाकून झोपायचं नाही, तंबूत चेन पूर्ण लावून झोपायचं. खरं तर साप चावण्याच्या बाबतीत उघड्या ओसरीपेक्षा चेन लावलेला तंबू जास्त सेफ आहे, हे घरच्यांना सांगा.

तंबू कडब्याच्या गंजीजवळ, दगडाच्या ढिगाजवळ, बांधाच्या भगदाडाजवळ लावायचा नाही, तिथं उंदीर असतात आणि उंदरामागं साप येतो. रात्रीचं खरकटं, शेंगांची टरफलं तंबूच्या आजूबाजूला टाकायची नाहीत ते पण ह्याचसाठी. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री एक पाऊल टाकायचं तरी टॉर्च खाली जमिनीवर मारून.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. माणसाला आडवा करा, चावलेला हात पाय हलू देऊ नका, अंगठी पैंजण काढा, १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना, सापाचं औषध तिथं मिळायची शक्यता जास्त. साप मारून आणायची गरज नाही, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावतो.

बोटीचं म्हणाल तर हिवाळ्यात सकाळची बोट चांगली, पाणी शांत असतं. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि नुसतं गळ्यात अडकवलेलं नाही, सगळे बक्कल लावून. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून वर येतं, पोर खाली राहतं. मुलाच्या मापाचं नसेल तर बोटीत बसायचं नाही, तिथं नावाडी कितीही म्हणूद्या काय होत नाही म्हणून. सेल्फीसाठी उभं राहायचं नाही. आणि दुपारनंतर वारं सुटलेलं दिसलं, पाण्यावर पांढरा फेस दिसला, तर पैसे दिलेले असले तरी उतरून जायचं.

प्रश्न : खायचं काय न्यावं? आमच्या घरात सहल म्हटलं की बायका दोन दिवस स्वयंपाकघरात आणि तिथं गेल्यावर पण त्याच चुलीपुढं. असं नको आहे.
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : हे विचारलंत म्हणून तुमचं कौतुक वाटलं. अहो, आपल्याकडे तर न शिजवता दोन दिवस निघतील इतकं आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही तर असल्या प्रवासासाठीच आहे, ती आठवडाभर काही होत नाही. वर दही, कांदा, हिरवी मिरची, झालं जेवण. धपाटे पहिल्या दिवशी दुपारी, शेंगापोळी पोरांना येताजाता. संध्याकाळी फक्त एक पातेलं चढवायचं, खिचडी किंवा पिठलं, आणि ते पुरुषांनी आणि पोरांनी करायचं असं घरूनच ठरवून निघा. चहाचं सामान मात्र वेगळ्या डब्यात आणि हाताशी, पहाटे तेच शोधायला लागतं.

मासे खाणार असाल तर उजनीची चिलापी, मरळ तिथल्या तिथं ताजी मिळते, वस्तीवर सांगितलं तर करून देतात, उगाच साफ करत बसू नका.

आणि डिसेंबर शेवटी ते फेब्रुवारी म्हणजे हुरड्याचे दिवस. रानात जाऊन हुरडा न खाता परत येणं मला तरी जमणार नाही. शेतकऱ्याला आधी सांगून ठेवा, तो आगटी करून देतो. गोवऱ्यांचा जाळ खाली बसून नुसता लाल विस्तव राहिला की कणसं त्यात खुपसायची, सारखी फिरवायची, दाण्याचा हिरवा रंग जरा उतरला आणि वास सुटला की काढून गरम गरमच हातावर चोळायचं. गार झालं की दाणा सुटत नाही. हात भाजतात, ते चालायचंच, पण सहा सात वर्षांच्या पोरांना आगटीच्या कडेला एकटं बसवू नका. सोबत चटणी, गूळ, रेवड्या. हुरडा खाऊन वर लगेच तांब्याभर पाणी प्यायचं नाही, ताक प्या, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात आणि पोटाला खरंच हलकं पडतं. आगटी झाल्यावर पाणी ओतून, काठीने उकरून, परत पाणी ओतायचं. कडब्याच्या दिवसांत एक ठिणगी शेतकऱ्याचं वर्षाचं वैरण घेऊन जाते.

प्रश्न : नातवाला फ्लेमिंगो दाखवायचेत. कधी गेलं म्हणजे हमखास दिसतील? तंबूत वगैरे मला झेपणार नाही.
(एक आजोबा, पंढरपूर)

उत्तर : काका, तंबूची काही गरज नाही. भिगवणच्या बाजूला कुंभारगाव, डिकसळ ह्या गावांत तिथले मच्छीमारच बोटीतून पक्षी दाखवतात, त्यांना पक्ष्यांची नावं आणि जागा पाठ आहेत, काहींच्या घरी राहायची जेवायची सोय पण असते. भिगवणला रेल्वे स्टेशन आहे, कुठली गाडी थांबते ते बघून कुर्डुवाडीहून तसं पण जाता येईल.

हमखास असं पक्ष्यांचं सांगता येत नाही पण अंदाज बांधता येतो. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात उभं राहून चोच उलटी करून चिखलातलं शेवाळ, बारीक किडे गाळून खातो. त्यामुळे धरण काठोकाठ भरलेलं असलं की त्याला उभं राहायला जागा नसते आणि तो उशिरा येतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी डिसेंबरातच दिसतील, धरण भरलेल्या वर्षी जानेवारी शेवट ते मार्च धरा, पाणी शेतीला सोडायला लागल्यावर काठ उघडे पडतात आणि मग थवे उतरतात. तिथं फोन करून पक्षी आलेत का विचारायचं आणि मगच निघायचं. नातवाला नुसते फ्लेमिंगोच नका दाखवू. पट्टकदंब नावाचा हंस असतो, डोक्यावर दोन काळे पट्टे, तो हिमालय ओलांडून येतो आपल्याकडे, चक्रवाक असतात केशरी रंगाचे, चित्रबलाक असतात. पहाटे सूर्य उगवतानाच बोटीत बसा. आणि फोटोसाठी थवा उडवून दाखवतो असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. आयतं खाणं सोडून त्यांना सारखं उडायला लावलं तर ती जागाच ते सोडतात.

प्रश्न : उजनी लांब पडतं. मुलगी चार वर्षांची आहे. सोलापूरच्या जवळ पाण्याकाठी एक दिवस काढायला काय आहे?
(एक आई, साखर पेठ)

उत्तर : ताई, तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे की, एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळात १८७१ साली पूर्ण झालेला. थंडीत तिथं पण पाहुणे पक्षी असतात आणि गावापासून अर्ध्या तासाच्या आत पोचता. हिवाळ्यात सकाळी सातला निघा, डबा घ्या, चटई घ्या, दुर्बीण मिळाली तर घ्या, अकरापर्यंत परत या. रात्री राहायची जागा ती नाही, आणि चार वर्षांच्या मुलीला रात्र काढायची घाई पण नाही. काठ घसरडा असतो म्हणून तिचा हात सोडायचा नाही, बांधावरून चालताना तर नाहीच. जरा मोठी सहल पाहिजे असेल तर नळदुर्ग, हैदराबाद रोडने तासाभरात. किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, पावसाळ्यात नदीला पाणी असलं की त्याच्यावरून नर-मादी धबधबे पडतात. पण तिथं कठड्याजवळ गर्दी होते, तर रविवार सोडून मधल्या वारी जावा आणि मिस्टरांना सुट्टी टाकायला लावा.